गावच्या वाचनालयाचा इतिहास: कोनशिला शेवटी, दप्तर आधी

शताब्दीच्या स्मरणिकेत स्थापनेची तारीख बहुधा कोनशिलेवरून उचललेली असते, आणि घोटाळा तिथेच होतो. जुन्या बडोदे संस्थानातली कितीतरी वाचनालये आधी शाळेत नाहीतर एखाद्या खोलीत चालायची. इमारत मागाहून झाली. म्हणून सुरुवात दाखल रजिस्टरापासून, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवायच्या वहीपासून करा.

प्रत्येक पानाचा फोटो घ्या: फ्लॅश बंद, वही सपाट, पान क्रमांक चौकटीत दिसलाच पाहिजे. चिकटलेली पाने ओढू नका. फाटक्या पानाला सेलोटेप तर मुळीच लावू नका. त्याचा डिंक पिवळा पडतो आणि अक्षरांवरच डाग धरतो. शेवटचा दाखल क्रमांक 1840 असला म्हणजे कपाटात 1840 पुस्तके होती असे नाही. हरवलेली, रद्द केलेली पुस्तके 'शेरा' रकान्यात सापडतात. ती वजा करा.

तारखांना जपा. गुजराती नोंदीत विक्रम संवत असेल तर कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून 31 डिसेंबरपर्यंत 57 वजा करायचे, पुढे आश्विन अखेरपर्यंत 56. सरसकट 57 वजा केले की वर्षातले बरेचसे महिने एक साल मागे जातात. संस्थानाचे प्रशासन अहवाल तर 1 ऑगस्ट ते 31 जुलै या वर्षाचे. त्यामुळे '1911-12' मधली घटना नेमकी कोणत्या साली घडली हे महिना कळल्याशिवाय लिहू नका.

खरा मजकूर कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत असतो. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास आणले. 1913 पर्यंत ते इथे होते. त्या काळात बसलेली पद्धत अशी: गावाने जितकी वर्गणी जमवायची, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने (प्रांत म्हणजे संस्थानातला जिल्हा) आणि तितकीच सरकारने द्यायची. तेव्हा जमेच्या बाजूला सारख्या रकमेच्या तीन नोंदी शोधा. लोकवर्गणी दिसते पण बाकीचे दोन हिस्से नाहीत, असे झाले तर लगेच 'अनुदान नाकारले' असे लिहू नका, पुढच्या वर्षाची कीर्द उघडा. आणि '12-8-6' हे 12 रुपये 8 आणे 6 पै, 12.86 नव्हे. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासूनची.

देवघेव रजिस्टरात अशी पुस्तके सापडतील जी दाखल रजिस्टरात नाहीतच. ही लिहिणाऱ्याची चूक असेलच असे नाही. बडोद्याहून फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या गावोगाव जायच्या. पुस्तके वाचून झाली की पेटी परत. याच रजिस्टरात थकबाकीदारही भेटतील. त्यांची नावे छापू नका, नातवंडे गावातच असतात!

एवढे झाले की मगच वडीलधाऱ्यांकडे जा, आणि 'वाचनालय कधी सुरू झाले?' असे विचारू नका. 'पहिले कपाट कुठे होते, किल्ली कोणाकडे असायची?' असे विचारा. साल माणसे विसरतात, पण किल्ली कोणाकडे होती ते सांगतात.

राहिलेल्या गाळलेल्या जागांसाठी बडोद्याच्या 'कोठी' इमारतीतले अभिलेखागार. जाताना गाव, प्रांत, साल कागदावर लिहून न्या; जुन्या कागदांत मोडीही निघते, वाचणारा सोबत हवा. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, म्हणून त्यानंतरचे पत्रव्यवहार 1960 पर्यंत मुंबई सरकारच्या नावाने शोधा.