तीस घरांची टोपली: उन्हाळी भाजीचं उलटं गणित

उन्हाळ्यात मी पुण्यातल्या तीस घरांना दर शनिवारी आमच्या रानातल्या भाजीची टोपली पोचवते. पहिल्या वर्षी मी चार गुंठे भेंडी एकाच दिवशी टोकली. एप्रिलमध्ये ती अशी धरली की तीन शनिवार प्रत्येक टोपलीत दोन-दोन किलो भेंडी गेली. कोथरूडच्या एका काकूंचा फोन आला, "अहो, भेंडी आमच्याकडे राहायलाच आलीय का?" मेमध्ये मात्र झाडं एकदमच थकली आणि टोपलीत भेंडी औषधालाही उरली नाही.

तेव्हापासून मी रान बघून पेरणी ठरवत नाही, टोपली बघून ठरवते. सासवडजवळ आमचं एक एकर बागायत रान आहे. कामाला मी, आमचे हे, सासूबाई आणि तोडणीला एक बाई. कोथरूड आणि सहकारनगरातली 30 घरं जानेवारीतच 12 शनिवारांचे पैसे भरतात, दर शनिवारच्या टोपलीचे 350 रुपये. बी, शेणखत, ठिबकच्या नळ्या सगळं त्यातूनच येतं.

पहिली टोपली मार्चच्या पहिल्या शनिवारी. तिथून मागे मोजायचं. काकडीला 45 दिवस, भेंडीला 50, गवारीला 55, मेथीला 30. म्हणजे संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत भेंडी-गवार मातीत हवी. अडचण थंडीची. आमच्याकडे जानेवारीत रात्री एवढ्या गार असतात की काकडी-दोडक्याचं बी मातीत नुसतं पडून राहतं, कधी कुजतंही. सासूबाईंची युक्ती सोपी आहे: बी रात्रभर कोमट पाण्यात, मग ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून चुलीजवळ दोन दिवस. मोडाचं टोक दिसलं की लावायचं. मोड लांबू द्यायचा नाही, हाताळताना तुटतो.

किती लावायचं? 30 घरांना अर्धा-अर्धा किलो भेंडी म्हणजे आठवड्याला 15 किलो. नीट शेणखत घातलेला एक गुंठा जोमात असताना साधारण तेवढी देतो. मी दोन गुंठे लावते, पण तीन आठवड्यांच्या अंतराने एक-एक. पहिली थकायला लागते तोवर दुसरी हाताशी येते. पालेभाजीचा तर दर आठ दिवसांनी एक नवा वाफा. मेथी मार्चअखेरपर्यंतच, नंतर उन्हाने लगेच फुलावर येते. पुढे माठ, राजगिरा, अंबाडी. कोथिंबिरीसाठी धने चपलेखाली रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि शेडनेटखाली टाकायच्या. एवढं करूनही मेमध्ये ती रुसते, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना हवी असते. मी आधीच सांगून टाकते: मेमध्ये कोथिंबीर मागू नका.

विहिरीला चैत्रात तळ दिसू लागतो. म्हणून पाडव्यानंतर पालेभाजीचे वाफे सोडून नवीन काही लावत नाही, आणि ओळींमध्ये उसाचं पाचट अंथरते. ठिबक उजाडायच्या आत चालवायचं.

आता भरतीचा माल. बांधावरचा शेवगा, दारातला कढीपत्ता, लिंबू, एप्रिलमधल्या कैऱ्या, उन्हाळी कांदा. यातलं काहीच मी 'पीक' म्हणून धरत नाही, पण टोपली रिकामी वाटत नाही ती यांच्यामुळेच. मिठ्या बहराची, म्हणजे उन्हाळ्यात पिकणारी, अंजिरंही थोडी देते. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण सासवडहून पुण्याला उतरणाऱ्या दिवे घाटातल्या वळणांना त्याचं काय! अंजीर सगळ्यात वर, पानावर, एकाच थरात ठेवायचं. दुधी तळाला.

वेलांना फुलं येताच फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचे (नर माशीला ओढून घेणाऱ्या गंधाचे) सापळे टांगा. डंख लागलेली फळं बांधावर फेकू नका, खोल पुरा. फेकलेल्या फळातूनच पुढची माशी निघते. मावा-तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींसाठी 5 किलो निंबोळी कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवते, गाळून 100 लिटर करते आणि संध्याकाळी फवारते. भेंडीची पानं पिवळ्या शिरांची दिसली तर तो हळद्या रोग. औषध शोधत बसू नका, झाड उपटा.

भेंडी एक दिवसाआड तोडायलाच हवी, निबर झाली की गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, पण पुढच्या वर्षी पैसे भरत नाही. पालेभाजी शुक्रवारी संध्याकाळी काढून ओल्या गोणपाटाखाली, फळभाजी शनिवारी पहाटे. सातच्या आत टेम्पो घाट उतरायला हवा.

सगळ्यात महत्त्वाचं जानेवारीतच कागदावर लिहून घ्या: आपण वाटा विकतो, किलो नाही. बलुतेदाराला खळ्यावर वाटा मिळायचा तो पिकाप्रमाणे, तसंच हे. फरक एवढाच की इथे वाटेकरी आधी पैसे मोजतो. मी पहिल्या वर्षी हे फक्त तोंडी सांगितलं होतं. एप्रिलमध्ये वळवाबरोबर गारा पडल्या, काकडीच्या पानांची चाळण झाली, आणि दोन शनिवार टोपलीत कांदा, शेवगा आणि कैरीच गेली. एकांनी पैसे परत मागितले. दिले. चूक माझीच होती, लिहिलं नव्हतं. आता कागदावर गारांची वेगळी ओळ आहे, आणि गुरुवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर या वेळी काय येणार, काय गेलं, दोन्ही कळवते.

शेवटची टोपली मेच्या तिसऱ्या-चौथ्या शनिवारी. मग वेल उपटायचे, ठिबक गुंडाळायचं, पहिला पाऊस झाला की रानात ताग टाकायचा. आणि ज्यात भाजी घरोघरी जाते ते क्रेट मोजून घ्यायचे. माझे दरवर्षी दोन-तीन कमी भरतात. मागे सहकारनगरात एका बाल्कनीत एक सापडला, त्यात पुदिना लावलेला. पुदिना चांगला आला होता, म्हणून मागितला नाही.