पीअरट्यूबवर व्हिडिओ चढवताना

पीअरट्यूब हे फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेने घडवलेले, व्हिडिओ ठेवण्या-दाखवण्यासाठीचे मुक्त सॉफ्टवेअर. त्याचे सर्व्हर वेगवेगळे लोक चालवतात, म्हणून खाते उघडण्यापूर्वी तिथले नियम आणि मिळणारी जागा नक्की पाहा.

फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओचे स्वरूप बदलणाऱ्या प्रोग्राममधून एमपी४ करून घ्या: चित्रासाठी एच.२६४ ही पद्धत, आरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) २२, आवाजासाठी एएसी ही पद्धत. आरएफचा आकडा वाढवला की फाइल लहान होते, पण चित्राचा दर्जा उतरतो. चढवल्यावर व्हिडिओ लगेच दिसला नाही तर पुन्हा चढवू नका. सर्व्हर त्याच्या लहान-मोठ्या आवृत्त्या बनवत असतो. दुवा देताना सुरुवातीची वेळ ठरवता येते, लांब व्याख्यानांसाठी ही सोय फार मोलाची.

बघणाऱ्यांचे ब्राउझर व्हिडिओचे तुकडे एकमेकांनाही पुरवतात. त्यातून, तुम्ही व्हिडिओ बघत असाल तर, तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील तुमच्या जोडणीचा क्रमांक) इतरांना कळू शकतो. तो कळू नये असे वाटत असेल तर सेटिंग्जमध्ये पीटूपी, म्हणजे ही आपसातली देवाणघेवाण, बंद करा.