आधी ड्रोन उचला, कॅलिब्रेशन नंतर

लग्नाच्या शूटिंगला ड्रोन उडवायला लागून मला सहा वर्षं झाली. या कामात नव्याने येणारी मुलं-मुली मला कॅमेऱ्याचं विचारतात, बॅटरीचं विचारतात, दिवसाला किती घ्यायचे ते तर हमखास विचारतात. कंपासचं, म्हणजे ड्रोनच्या आतल्या दिशादर्शकाचं, कोणी विचारत नाही. माझ्या हातून ड्रोन जाता जाता राहिला तो दिवस मी म्हणूनच सगळ्यांना आधी सांगते.

कराडजवळचं एक मंगल कार्यालय. वरात वरून हवी होती आणि उडवायला मोकळी जागा म्हणजे गच्चीच. 249 ग्रॅमचा ड्रोन मी कठड्याजवळ स्लॅबवर ठेवला. चालू करताच ॲपवर आलं: कंपास कॅलिब्रेट करा, म्हणजे ड्रोनला उत्तर दिशा नव्याने शिकवा. खाली ताशा वाजायला लागला होता. मी तिथेच उभी राहून ड्रोन हातात घेतला, आडवा फिरवला, नाक खाली करून फिरवला. ॲपने ते मान्य केलं, हिरवी खूण आली आणि मी उडवला.

डोक्याएवढ्या उंचीवर तो ठीक होता. पाच-सहा मीटरवर गेला आणि रिमोटच्या स्टिकला हात न लावता सरकायला लागला. आधी थोडासा, मग गोल. प्रत्येक घिरटी आधीपेक्षा मोठी. तिसऱ्या घिरटीत तो शेजारच्या नारळाच्या झावळ्यांना घासून गेला. घाबरून मी घरी परतण्याचं बटण दाबलं, तर तो माझ्याकडे यायच्या ऐवजी तिरका, रस्त्याकडे निघाला. आमचे सीनियर दादा मागून ओरडले, "अगं, घरी बोलवू नकोस त्याला! वर घे, वर!" मी बटण रद्द केलं, सरळ वर घेतला, आणि मग स्क्रीन सोडून ड्रोनकडेच बघत मागच्या शेतात हळूहळू उतरवला.

त्यानंतर दादांनी काही न बोलता फोनवर दिशादर्शक उघडला आणि फोन गच्चीच्या फरशीवरून सरकवत नेला. बीम जिथे जात होता तिथे उत्तर दिशा डावीकडे वळली, पुढे सरळ झाली, पुन्हा वळली. दोन हातांच्या अंतरात तीस-चाळीस अंशांचा फरक. फरशीखाली सळईचं जाळं होतं आणि मी त्याच्याच मधोमध उभी राहून ड्रोनला उत्तर शिकवली होती.

ड्रोनच्या आत काय चालतं ते नीट समजून घ्या. जीपीएस ड्रोनला 'तू कुठे आहेस' ते सांगतं. एका जागी तरंगताना 'तुझं नाक कुठे आहे' ते मात्र त्याला सांगता येत नाही, ते काम कंपासचं. वाऱ्याने ड्रोन पश्चिमेला ढकलला की त्याला पूर्वेला सरकायचं असतं. पण पूर्वच चुकीची कळली असेल तर तो तिरका जातो, जीपीएस पुन्हा सांगतं 'चुकलास', तो पुन्हा तिरकी दुरुस्ती करतो. त्यातून त्या घिरट्या. दिशेची चूक नव्वद अंशांच्या पुढे गेली, तर दुरुस्ती करायला म्हणून निघालेला ड्रोन उलट लांब पळतो. घरी परतण्याचं बटणही त्याच दिशेवर विसंबून असतं, म्हणून अशा वेळी ते दाबू नका.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ड्रोन चालू होतो त्या क्षणी तो कंपासकडून दिशा घेतो आणि पुढे जायरोच्या, म्हणजे ड्रोन किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरच्या, मदतीने ती धरून ठेवतो. स्लॅबवर चालू केला तर सुरुवातच वाकडी. वर गेल्यावर सळईचा परिणाम संपतो, कंपास खरं सांगायला लागतो, जायरो जुनंच धरून बसतो आणि दोघांचं भांडण हवेत सुरू होतं. म्हणून जागा बदलली की ड्रोन नुसता उचलून ठेवू नका. बंद करा, नव्या जागी पुन्हा चालू करा.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे साधारण 40 ते 45 मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), म्हणजे खूपच कमी. त्यामुळे जवळचं लोखंड किंवा चुंबक त्याला सहज हरवतं. मुंबईत ट्रामला वीज येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय नोंदींचं काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं गेलं, कारण ट्रामच्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. तिथे ते आजही चालतं. तेव्हा त्या लोकांनी उपकरणं समुद्रापलीकडे नेली. आपल्याला बहुतेक वेळा पाच-दहा पावलं सरकलं तरी पुरतं. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो.

लग्नात सगळ्यात वाईट शेजारी म्हणजे डीजेचे बेस. त्या स्पीकरमध्ये मोठाले चुंबक असतात. मग स्टेजचा लोखंडी सांगाडा (ट्रस), जनरेटरची गाडी, उभ्या केलेल्या गाड्यांचे बॉनेट, बोअरवेलचं झाकण. आपल्या अंगावरच्या वस्तूंकडे तर लक्षच जात नाही: चुंबकाच्या बटणाची बॅग, टॅब्लेटचं कव्हर, घड्याळ, हातातलं लोखंडी कडं. आमच्याकडच्या एका मुलाच्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी होती. त्याचं कॅलिब्रेशन तीनदा फसलं, अंगठी काढल्यावर पहिल्या फेरीत झालं.

बाहेर डोंगरावर शूट असेल तर वाटतं, इथे कुठलं लोखंड? पण सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात लोहाची चुंबकीय खनिजं असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची खूण त्यात गोठली आहे. वीज पडलेल्या कातळावर तर फोनची सुई भलतीकडेच वळते. उघड्या कातळापेक्षा गवताची, मातीची जागा शोधा. (नॅनो गटातल्या, म्हणजे 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला 2021 च्या नियमांनुसार पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघणं आणि संरक्षित किल्ल्यावर परवानगी घेणं चुकत नाही.)

आता माझी रीत. जागेवर पोहोचले की आधी फोनचा दिशादर्शक गुडघ्याएवढ्या उंचीवर धरून चालते. सुई डळमळली की ती जागा सोडते. गच्चीशिवाय इलाजच नसेल तर दुधाचं प्लास्टिकचं क्रेट उलटं ठेवून त्यावर ड्रोन ठेवते, तेवढ्या उंचीनेही बराच फरक पडतो. मग ॲपच्या नकाशावर बाण बघते. ड्रोनचं नाक देवळाकडे असेल तर बाणही देवळाकडेच हवा. शेताकडे दाखवत असेल तर उडवायचं नाही, नवरदेव घोड्यावर बसला असला तरीही. 'कॅलिब्रेट करा' हा संदेश आला तर पहिला अर्थ 'इथून हल' असाच घ्यायचा. दुसऱ्या, तिसऱ्या जागीही संदेश आला, तरच कॅलिब्रेट, आणि तेही मोकळ्या मातीच्या मैदानात, खिसे रिकामे करून. नवा ड्रोन, मोटर बदललेला ड्रोन, फार लांब नेलेला ड्रोन, यांना ते करावंच लागतं. रोज उठून करायची गरज नाही.

उडाल्यावर तीन-चार मीटरवर अर्धा मिनिट थांबवा आणि हात सोडा. जागचा हलला नाही, तरच पुढे. हवेत घिरट्या सुरू झाल्याच, तर झाडं-तारांच्या वर न्या. बहुतेक वेळा ड्रोन स्वतःहून जीपीएस सोडून देतो, मग तो वाऱ्याबरोबर वाहतो, उंची तेवढी धरतो. तेव्हा स्टिक तुमच्याच हातात. डोळे ड्रोनवर ठेवून बारीक बारीक हालचालींनी मोकळ्या जागेवर आणा आणि उतरवा.

हे जमायला सराव लागतो, आणि तो लग्नात होत नाही. आठवड्यातून एकदा सकाळी वारा पडलेला असताना मैदानावर जा. ड्रोनचं नाक आपल्याकडे करा, म्हणजे डावं-उजवं उलटं होतं. स्क्रीनवर रुमाल टाका आणि नुसतं बघून त्याला चौकोनात फिरवा. मला पहिले पंधरा दिवस चौथा कोपरा सापडत नव्हता.