वजन कोणत्या पायावर?

अमूर्त रेखाटनात माणूस काढायचा म्हटलं की नवे विद्यार्थी विचारतात, "शरीरातलं काय काय गाळायचं?" सुरुवात तिथून करू नका. मी केली होती. दुसऱ्या वर्षाला असताना लांबट डोकं, त्रिकोणी हात अशी आकृती सरांपुढे ठेवली. त्यांनी एवढंच विचारलं, "हिचं वजन कोणत्या पायावर आहे?" मला सांगता आलं नाही.

मग पहाटे कुस्तीच्या तालमीत जायला लागलो. कोल्हापुरात शिकण्याचा हा फार मोठा फायदा. वस्तादांना आधी विचारायचं, चपला बाहेर काढायच्या, हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला गप्प बसायचं. वर्गातलं मॉडेल स्थिर बसतं, साडेसात डोक्यांएवढी उंची हे प्रमाण निवांत मोजता येतं. इथे दोन पैलवान भिडले की पाठ कुणाची नि मांडी कुणाची कळत नाही, आणि कळेपर्यंत डाव बदललेला असतो. नाक-डोळ्यांना सवडच नाही. कागदावर उतरतो तो जोर: पाठीचा बाक, तांबड्या मातीत रुतलेली टाच, दोन छात्यांमधली फट.

ती फट आधी काढून बघा, दोन्ही अंगं नीट बसतात. फ्रेंच चित्रकार मातीसनं १९५२ मध्ये निळा रंगवलेला कागद कापून स्त्रीदेह केले, त्यातही मांडी आणि पोटरी वेगळी होते ती मधल्या पांढऱ्या फटीमुळेच. चित्रकार तैयब मेहतांची कोसळणारी माणसंही मला तालमीनंतरच भिडली. १९४७ च्या दंगलीत मुंबईत त्यांनी माणूस मारला जाताना पाहिला होता. त्यांच्या सपाट रंगांत आणि तुटक्या अवयवांत ते पाहणं आहे, म्हणून ती नुसती मोडतोड वाटत नाही.

सामान साधं ठेवा: न्यूजप्रिंट आणि कोळसा. खोडरबर नको. संध्याकाळी सकाळचे कागद न उघडता तीच पकड आठवणीनं दहा रेघांत काढा, मग सहा, मग चार. हे रोज करा, कंटाळा आला तरी.

एकदा असा चार रेघांचा कागद वस्तादांनी हातात घेतला. "ढाक हाय ही," ते लगेच डाव ओळखून म्हणाले. मग बराच वेळ बघत राहिले. "पन मारणाऱ्याचा टेकलेला पाय कुठं गेला? उभा कशावर ऱ्हाईल गडी?"

पाचवी रेघ मी तिथंच, हौद्याच्या कडेला बसून ओढली.