ऑस्ट्रेलियातल्या स्कोनच्या स्टडवर (घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर) कामाला येणाऱ्यांसाठी

जून-जुलै आला की पुण्या-मुंबईकडून फोन सुरू होतात. “दादा, व्हिसा झाला, काय काय आणू?” दर वर्षी चार-पाच जणांना तेच सांगतो, आणि त्यातला एखादा तरी मी केलेलीच चूक करून बसतो. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय.

गावाचं नाव ‘स्कोन’, ‘फोन’सारखं म्हणायचं. सिडनीपासून साधारण 270 किलोमीटर. रेल्वे आहे, पण स्टड सगळे गावाबाहेर, त्यामुळे गाडी लागतेच. दिवस मावळताना आणि पहाटे कांगारू रस्त्यात येतात, हळू चालवा. डाळ-मसाले आम्ही न्यूकॅसलहून महिन्याचे भरतो. बँक, सिम, टॅक्स नंबर कोणीही सांगेल.

कामाचं नीट ऐका. इथला मोसम उलटा. आपल्याकडे शिंगरं वर्षाच्या सुरुवातीला होतात, इथे ऑगस्टपासून. 1 ऑगस्टला सगळ्या घोड्यांचं वय एकदम वर्षाने वाढतं आणि 1 सप्टेंबरपासून घोड्या फळवायला सुरुवात होते. थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही, प्रत्येक घोडी स्टॅलियनपुढे (वळू घोड्यापुढे) न्यावीच लागते. नवीन माणसाला बहुधा फोलिंगची, म्हणजे घोड्या विण्याच्या वेळची, रात्रपाळी मिळते. ती नाकारू नका. खरं काम तिथेच शिकता येतं.

घोडी बहुतेक रात्रीच विते. पाणी फुटलं की साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. पांढरट पिशवी दिसली तर हात मागे ठेवा, घोडीला तिचं काम करू द्या. पण लाल, मखमलीसारखं काही बाहेर येताना दिसलं तर वार आधीच सुटली आहे आणि आत शिंगराचा श्वास कोंडतोय. तेव्हा मॅनेजर येईपर्यंत थांबायचं नाही. पिशवी फाडायची, शिंगरू ओढायचं, ओढता ओढता रेडिओवर ओरडायचं. पुढे एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत आचळाला, तीन तासांत वार पडलेली, एवढं पाठ करा. पहिल्या मोसमात इथल्या डॉक्टरीणबाईंनी रात्री दोन वाजता गुडघ्यावर बसून पडलेली वार पेंढ्यावर धोतरासारखी पसरली आणि बोटाने टोकं तपासली. एका टोकाचा तळहाताएवढा तुकडा कमी होता. तो आत राहिला असता तर दोन दिवसांत घोडीला ताप चढून खूर गेले असते. तेव्हापासून वार पसरून बघितल्याशिवाय मी ती बादलीत टाकत नाही.

आपल्या पोरांचा हात चांगला असतो. खरारा करावा तर आपल्याच सईसाने, हे मी इथल्या गोऱ्यांनाही सांगतो. पण चार्ट लिहायचा कंटाळा. चार्टवर नाही ते काम इथे झालेलंच नाही, मग तुम्ही रात्रभर जागलेले का असेनात. दुसरं म्हणजे समजलं नाही तरी मान डोलावायची सवय. इथे मालकालाही नावाने हाक मारतात आणि दोनदा विचारलं तर कोणी चिडत नाही. मान डोलावून चुकीच्या घोडीला इंजेक्शन दिलं तर मात्र चिडतात.

ही माणसं घोड्याकडे इतक्या हिशेबाने का बघतात ते कळायला इथली सुरुवात माहीत हवी. 1788 मध्ये ब्रिटिशांचा, कैदी घेऊन आलेला पहिला ताफा सिडनीला लागला तेव्हा त्यात फक्त सात घोडे होते, तेही वाटेत केप ऑफ गुड होपला घेतलेले. महिनोन्‌महिने समुद्रातून आलेलं जनावर, त्याला जिवंत ठेवणं हीच मोठी गुंतवणूक. वसाहतीत नाणी फारशी नव्हती, बराच व्यवहार दारूवर नाहीतर उधारीच्या चिठ्ठ्यांवर चालायचा. बराच माल भारतातून यायचा. कलकत्त्याच्या पेढीचा रॉबर्ट कॅम्पबेल 1798 मध्ये आला आणि त्याने सिडनीच्या धक्क्यावर वखार घातली, कॅम्पबेल्स कोव्ह हे नाव आजही आहे. हेक्टर हा गाजलेला अरबी घोडासुद्धा भारतातूनच आणलेला. 1812 मध्ये मद्रासहून 40,000 स्पॅनिश डॉलर आले, तेव्हा गव्हर्नर मॅक्वारीने त्यांना मधे भोक पाडून इथलं चलन केलं, म्हणजे ते बाहेर जाऊ नयेत. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑक्टोबर 1810 मध्ये, हाइड पार्कात पहिल्या अधिकृत शर्यती झाल्या होत्या.

हे हंटर खोरं वॉनरुआ लोकांचं. 1820 च्या दशकात ते गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटलं गेलं आणि मूळ माणसं हटवली गेली. स्टडच्या जुन्या दगडी इमारती बघताना हे विसरू नका. पुढे इथलेच घोडे उलट आपल्याकडे गेले. न्यू साउथ वेल्सचे म्हणून ‘वेलर’, ब्रिटिश फौजेच्या घोडदळासाठी आणि तोफा ओढायला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘वेलर घोडा’ असायचा, तो हाच. तेव्हा आपण इथे परके आलो असं मनातून काढून टाका. हा धंदा पहिल्यापासून दोन्हीकडचा आहे.

आता ती चूक. घोडी विकत घेऊ नका. पहिली पाच वर्षं तरी नाहीच.

तिसऱ्या वर्षी मी एक घोडी घेतली, 4,500 डॉलरला. वंशावळ सुंदर, नुसती वाचूनच जीव हरखला. विकणाऱ्याला विचारलं, “गेल्या दोन वर्षांत शिंगरू का नाही?” तो म्हणाला, “शील बी राइट, मेट,” म्हणजे होईल सगळं ठीक. मी तेवढ्यावर पैसे मोजले. कुरणाचं भाडं रोजचं 28 डॉलर. घोडी माजावर यायची, फळवायचो, सोळाव्या दिवशी स्कॅनमध्ये गर्भ दिसायचा आणि पुढच्या तपासणीला गायब. पुन्हा गर्भाशय धुणं, पुन्हा औषधं. दोन मोसमांनंतर डॉक्टरांनी गर्भाशयाची बायोप्सी केली. ग्रेड तीन. अशा घोडीने शिंगरू पूर्ण दिवसांचं करण्याची शक्यता दहा टक्क्यांच्याही खाली. तोवर 27 हजार डॉलर गेले होते, आणि गावी बांधायला काढलेलं घर जोत्यावरच थांबलं. बायकोने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, ते आजही मला लागतं.

बायोप्सीला काहीशे डॉलर लागले असते. इथल्या कोणीही ती आधी मागितली असती, मी मागितली नाही, कारण विचारलं तर समोरचा दुखावेल असं वाटलं. इथे कोणी दुखावत नाही. बायोप्सीचा ग्रेड, मागच्या तीन मोसमांचा कागद आणि कुरणाचं भाडं लेखी, हे तीनही हातात नसतील तर गेटही उघडू नका. तुमचाच एखादा गाववाला “दोघं मिळून एक पाय घेऊ”, म्हणजे घोडीत हिस्सा घेऊ, म्हणेल, त्यालाही हेच सांगा. मराठी माणूस मराठी माणसाकडे कागद मागायला लाजतो आणि इथे आपसातली भांडणं तिथूनच सुरू होताना मी पाहिली आहेत.

जुलैच्या मध्यापर्यंत पोचा, म्हणजे पहिल्या शिंगराआधी घोड्यांशी ओळख होईल. रात्री दहिवर गोठतं. लोकरीचे मोजे चार जोड आणा, हेडटॉर्च इथे घ्या. आल्यावर फोन करा, रविवारी संध्याकाळी माझ्याकडे जेवण असतं.