फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यावर उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘राज्य म्हणजे मीच’ या वाक्याने उत्तर सुरू करू नका. १६५५ मध्ये लुई असे म्हणाल्याचा समकालीन पुरावा नाही. त्यापेक्षा १६६१ घ्या: मार्च महिन्यात मुख्य मंत्री माझारां वारला आणि लुईने पंतप्रधान नेमायचेच नाकारले. गादीवर तो १६४३ पासून होता. या दोन सालांची गल्लत नेहमी होते.

सर्वात जास्त घसरण होते ती नोकरशाहीच्या मुद्द्यावर. ‘राजाने सरदारांना हटवून पगारी अधिकारी नेमले’ असे सरसकट लिहिले जाते. प्रत्यक्षात न्यायाची आणि महसुलाची बहुतेक पदे विकत घेतलेली असत. मृत्यूच्या किमान ४० दिवस आधी पद दुसऱ्याच्या नावे केले नाही, तर ते राजाकडे परत जाई. १६०४ पासून ‘पोलेत’ हा वार्षिक कर भरणाऱ्याला ही अट लागू नसे. दर होता पदाच्या ठरवलेल्या किमतीचा साठावा भाग, म्हणजे ६०,००० लिव्हरच्या (तेव्हाचे फ्रेंच चलन) पदाला वर्षाला १,०००. तेवढ्यावर पद घराण्यात राही. राजाला रोकड मिळे, पण असा अधिकारी काढायचा तर किंमत परत करावी लागे, आणि खजिन्यात तेवढा पैसा कुठून येणार?

इंटेंडंट, म्हणजे प्रांतात राजाचा कारभार पाहणारा अधिकारी, लागला तो यामुळे. तो राजाच्या आज्ञापत्रावर नेमलेला, केव्हाही परत बोलावता येणारा. पदे विकत घेतलेल्यांना तो डोळ्यांत खुपे. १६४८ च्या फ्रोंद बंडात न्यायाधीशांनी बहुतेक प्रांतांतले इंटेंडंट रद्द करून घेतले. हे कारण आणि हा संघर्ष लिहिला नाही, तर उत्तरात इंटेंडंट नुसता नावापुरता उरतो. शिवाय सुमारे २ कोटी लोकांमागे ते जेमतेम तीसएक होते. स्थानिक प्रतिष्ठितांना धरूनच त्यांना काम करावे लागे.

व्हर्सायच्या राजवाड्याला लुईच्या सत्तेचे कारण म्हणून पुढे करू नका. दरबार तिथे १६८२ मध्ये गेला, सत्तेची घडी त्याआधीच बसली होती.

पॅरिसचे पार्लमां हे कायदेमंडळ नव्हे, वरिष्ठ न्यायालय. राजाज्ञा तिथे नोंदवल्या जात. १६७३ मध्ये लुईने ‘आधी नोंद, मग हरकत’ असा नियम केला. १७१५ मध्ये तो वारताच नोंदीआधी हरकत घेण्याचा जुना हक्क परत मिळाला. दोन्ही साले द्या.

सरदारांना सगळेच कर माफ होते, हेही चूक. ताय हा कर मुख्यतः सामान्यांवर होता, पण १६९५ चा कापितासियों आणि १७१० चा दिझिएम हे कर सरदारांनाही लागू होते.

इस्टेट्स जनरल ही साऱ्या फ्रान्सची प्रतिनिधी सभा १६१४ नंतर थेट १७८९ मध्ये भरली, हे बरोबर. त्यावरून सगळ्या सभा बंद पडल्या असे मात्र लिहू नका. लांगदॉक, ब्रिटनी आणि बर्गंडीत प्रांतिक सभा कर मंजूर करतच होत्या.