मांगूर ओळखायला शिकताना

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखाली. घर ढिवराचं, म्हणजे मासेमारांचं, त्यामुळे मासोळ्यांची नावं मला शाळेच्या आधी आली. तरी नागपूरला मत्स्यविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्याच बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, घोटाळा झाला. मांगूर म्हणजे मिशीवाला, बिनखवल्यांचा मासा. देशी मांगूर म्हणून कुणी बीज (बारीक पिल्लं) विकलं, आम्ही सोडलं. पाच-सहा महिन्यांत मासे किलोच्या घरात गेले आणि रोहूची बोटुकली (बोटभर पिल्लं) दिसेनाशी झाली. देशी मांगूर इतक्या झपाट्याने वाढत नाही. तो आफ्रिकन मांगूर होता, बाजारात ज्याला थाई म्हणतात. देशात त्याच्यावर 2000 सालापासून बंदी आहे. उन्हाळ्यात बोडी आटल्यावर आम्ही चिखलातून एकेक वेचून काढला.

आजा तेव्हा म्हणाला, "पोरी, पहिले डोक्याले हात लाव, मंग नाव सांग." या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. रंगावर जाऊ नका. गढूळ पाण्यात मांगूर काळा दिसतो, उथळ पाण्यात तपकिरी आणि नमुने टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये महिनाभर ठेवला की रंग उडालेला. त्यापेक्षा अंगठा डोक्यावरून मागे न्या. जिथं हाड संपून मऊ पाठ लागते तिथली कड चाचपा. देशी मांगुरात ती एकाच टोकाची, इंग्रजी व्हीसारखी लागते. आफ्रिकनमध्ये रुंद, डब्ल्यूसारखी. दोघांच्या संकरात ती अधलीमधली असते. तिथं हातावर विसंबू नका, डीएनए तपासा. अगदी लहान बीजातही हे कळत नाही, आणि आम्ही फसलो ते त्यामुळेच.

शिंगी या दुसऱ्या मिशीवाल्या माशात आणि मांगुरात मात्र गोंधळ व्हायला नको. दोघांनाही खवले नाहीत, मिशांच्या चार जोड्या आहेत. पण मांगुराचा पाठीवरचा पर डोक्यामागून निघून जवळजवळ शेपटीपर्यंत जातो. शिंगीचा अगदी आखूड, बोटाच्या पेराएवढा. खरी गंमत आत आहे. मांगुराचं कल्ल्याचं झाकण उचला. कल्ल्यांच्या वर लालभडक तुरा दिसेल, फुलकोबीच्या बारीक तुकड्यासारखा. त्यानेच तो हवेतला श्वास घेतो. शिंगीत तुरा नाही. कल्ल्यांपासून मागे, पाठीच्या मांसातून गेलेल्या दोन लांब नळ्या आहेत. मी पहिल्यांदा त्या चिमट्याने मोकळ्या केल्या तेव्हा अख्खी दुपार गेली आणि जेवायची आठवण राहिली नाही. आटत्या बोडीत, ओल्या चिखलात हे मासे कसे तगतात हे त्या दिवशी मला डोळ्यांनी दिसलं.

नावाचंही नीट ठेवा. जुन्या पुस्तकांत आपला मांगूर क्लॅरियस बॅट्राकस या शास्त्रीय नावाने भेटेल. 2008 मध्ये ते नाव जावा बेटावरच्या माशापुरतं ठरलं आणि आपला झाला क्लॅरियस मागूर. गंगेतल्या माशांवर पुस्तक लिहिणाऱ्या हॅमिल्टनने 1822 मध्ये दिलेल्या नावातला हा 'मागूर' म्हणजे आपल्याच लोकांच्या तोंडचा शब्द. आज हा मासा जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे.

नमुना घेताना आधी जिवंतपणी फोटो, मग पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये, आणि शेवटी फॉर्मालिन. क्रम उलटा केलात तर डीएनए खराब होतो. वही सोबत हवीच: जागा, तारीख, पाणी कसं होतं, पकडणाऱ्याने काय नाव सांगितलं. ते शेवटचं बरेच जण लिहीत नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

शिंगीला उघड्या हाताने धरू नका. छातीजवळच्या काट्यात विष असतं. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, कळ उतरते. सूज वाढली की दवाखाना गाठा.

आता गावात बीजाच्या पिशव्या आल्या की मच्छीमार सोसायटीवाले आधी मला फोन करतात. पंधरा-वीस पिल्लं मी टाकीत वेगळी काढून ठेवते, बोटभर होईपर्यंत वाढवते आणि मग एकेकाच्या डोक्यावरून अंगठा फिरवते. तोवर बाकीचं बीज जाळीच्या पिंजऱ्यात थांबतं.